जपानला आठ-दहा दिवसांसाठी जाताय? भाषेची तयारी इंग्रजीतून नाही, मराठीतून करा

घरातून निघताना 'जातो' म्हटलं की आई लगेच टोकते. "जातो काय? येतो म्हण!" जळगाव-धुळ्यातच नाही, अख्ख्या महाराष्ट्रात ही रीत आहे. जपानमध्येही घरातून बाहेर पडणारा माणूस दारात 'इत्ते किमास्' म्हणतो. यातलं 'इत्ते' म्हणजे 'जाऊन' आणि 'किमास्' म्हणजे 'येतो'. घरातली माणसं उत्तर देतात 'इत्ते राश्शाइ', म्हणजे 'जाऊन या'.

इंग्रजी पुस्तकात हे वाक्य समजावून सांगायला तीन ओळी खर्ची पडतात. मराठी मुलीला ते एका सेकंदात कळतं, कारण ती रोज सकाळी तेच बोलते.

हे सांगायचं कारण म्हणजे छोट्या अभ्यास दौऱ्यावर जपानला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात असलेली एक भीती. जपान सायन्स अँड टेक्नॉलॉजी एजन्सीचा 'साकुरा सायन्स' कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. 'इन्स्पायर मानक' या शालेय विज्ञान स्पर्धेतल्या राष्ट्रीय पातळीवरच्या विजेत्यांनाही यातून जपानला जाण्याची संधी मिळते. 'जेनेसिस' हा जपान सरकारचा युवा देवाणघेवाण कार्यक्रम २००७ पासून आहे. याशिवाय विद्यापीठांच्या उन्हाळी शाळा असतात. निवड झाली की पहिल्या आनंदानंतर मराठी माध्यमातल्या मुलांना प्रश्न पडतो, 'आपलं इंग्रजीच कच्चं आहे, त्यात जपानी कसं जमणार?'

या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. अशा दौऱ्यांत कार्यक्रमाची भाषा बहुतेक वेळा इंग्रजी असते, त्यामुळे तिची तयारी वेगळी करावीच लागते. पण जपानी शिकायला आधार म्हणून मराठी इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळची आहे. अडचण एवढीच की बाजारातली बहुतेक पुस्तकं, ॲप आणि व्हिडिओ इंग्रजीतून शिकवतात. मग मुलं जपानी वाक्य आधी इंग्रजीत नेतात, तिथून मराठीत आणतात आणि दोन्हीकडे दमतात.

(एक सूचना. या लेखात जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत. जिथे स्वर लांबवायचा तिथे 'ऽ' हे चिन्ह आहे. ते का लागतं, ते पुढे येईलच.)

वाक्याची रचना तुम्हाला आधीच येते

'मी जळगावहून आले' हे वाक्य जपानीत असं होतं: वाताशि वा जारुगाओन् कारा किमाशिता. वाताशि म्हणजे मी, कारा म्हणजे हून, किमाशिता म्हणजे आले. मधला 'वा' विषय दाखवतो, साधारण आपल्या 'मी तर' मधल्या 'तर'सारखा. शब्दांचा क्रम जागचा हलत नाही. क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत 'फ्रॉम' नावाच्या आधी येतो, जपानीत 'कारा' नावाच्या मागे येतो, 'हून'सारखा.

असेच बाकीचे प्रत्यय. 'नो' म्हणजे चा-ची-चे. 'मादे' म्हणजे पर्यंत. 'मो' म्हणजे पण किंवा ही, म्हणून 'वाताशि मो' म्हणजे 'मीपण'. 'दे' म्हणजे बसने, पेनने यातला ने. वाक्याच्या शेवटी येणारा 'ने' मात्र आपल्या 'ना?' सारखा, म्हणजे 'छान आहे ना?' मधला.

सगळ्यात गंमत प्रश्नाची आहे. 'इकिमास्' म्हणजे जातो. 'इकिमास् का?' म्हणजे जाता का? शेवटचा 'का' दोन्ही भाषांत तोच, त्याच जागी, त्याच कामाला. हा योगायोग आहे, दोन्ही भाषांचं नातं वगैरे काही नाही. पण शिकणाऱ्याला योगायोगही चालतो.

खरा फायदा मिळतो क्रियापदांच्या जोड्यांमध्ये. जपानीत क्रियापदाचं एक 'ते' रूप असतं आणि वर्गात बहुतेकांचा जीव तिथे अडकतो. मराठीत ते आपलं 'ऊन' आहे. ताबेते म्हणजे खाऊन. आता पुढची वाक्यं बघा.

ताबेते मिमास् म्हणजे खाऊन बघतो. यातल्या 'मिमास्'चा मूळ अर्थ खरोखरच 'बघतो' असा आहे. ताबेते शिमाइमाशिता म्हणजे खाऊन टाकलं. कात्ते ओकिमास् म्हणजे विकत घेऊन ठेवतो आणि 'ओकिमास्'चा अर्थ 'ठेवतो'. कात्ते किमास् म्हणजे विकत घेऊन येतो. 'बघणे', 'टाकणे', 'ठेवणे', 'येणे' ही क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाच्या मागे लागून अर्थाची छटा कशी बदलतात, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. इंग्रजीतून शिकणारा मात्र प्रत्येक छटेसाठी वेगळा नियम पाठ करतो.

अहिराणी बोलणाऱ्यांना तर आणखी एक पायरी फुकट मिळते. 'काय करी ऱ्हायना?' हा प्रश्न जपानीत 'नानि ओ शिते इमास् का?' असा होतो. नानि म्हणजे काय, शिते म्हणजे करी, इमास् म्हणजे असणे किंवा राहणे. चालू क्रिया दाखवायला 'करून' आणि 'राहणे' जोडायची ही पद्धत प्रमाण मराठीतल्या 'करतोय'पेक्षा अहिराणीत जास्त स्पष्ट दिसते. शाळेत ज्या बोलीवरून मुलांना टोकलं जातं, ती इथे कामी येते.

'काल भेटलेले सर' यासाठी 'किनोऽ आत्ता सेन्सेइ'. किनोऽ म्हणजे काल, आत्ता म्हणजे भेटलेले. (हो, जपानी 'आत्ता' म्हणजे भेटलो, त्याचा आपल्या 'आत्ता'शी संबंध नाही.)

जिथे रचना जुळत नाही, तिथे जपानी बहुतेक वेळा सोपी असते. लिंग नाही, त्यामुळे तो-ती-ते नाही. मी जातो, ती जाते, आम्ही जातो, उद्या जाईन, या सगळ्याला एकच 'इकिमास्'.

अक्षरं: बाराखडीचा लांबचा भाऊ

हिरागानामध्ये ४६ मूळ अक्षरं आहेत. त्यांचा क्रम असा: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी, आणि प्रत्येक ओळीला तेच पाच स्वर. क, त, न, म, य, र, व हा क्रम ओळखीचा वाटला तर ते बरोबर आहे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र आणि सिद्धम् लिपी जपानला पोहोचली. त्या लिपीचा अभ्यास करणाऱ्या भिक्षूंमुळे आपल्या वर्णमालेचा क्रम तिथे रुजला. 'हा' ची ओळ 'म'च्या आधी का, याचंही उत्तर त्यात आहे. तो उच्चार पूर्वी 'प' होता.

रोज एक ओळ धरली तर दहा दिवसांत हिरागाना होतं. त्यानंतर काताकाना, म्हणजे परदेशी शब्दांची लिपी. छोट्या दौऱ्यासाठी काताकाना जास्त उपयोगी पडते, कारण मेनूकार्डावरचे कॉफी, ज्यूस, आइस्क्रीम तिच्यात असतात. तुमचं नावही तिच्यातच लिहिलं जातं. जपानीत 'ल' आणि 'ट' नाहीत, म्हणून पाटील ऐकायला 'पातिरु' होतं आणि धुळे 'दुरे'. आपलं नाव तिकडे कसं ऐकू येईल, हे आधी माहीत असलेलं बरं. नाहीतर हजेरीत 'पातिरु-सान' पुकारतात आणि पाटील शांतपणे बसून राहतात.

मराठी माणसाला एक उच्चार आयता मिळतो. 'त्सु' म्हणून पुस्तकात येणारा आवाज हा 'चूल' किंवा 'चुलत' मधला च आहे. हिंदी भाषकांना तो शिकावा लागतो. 'गरम' या अर्थाच्या 'आत्सुइ' शब्दात चुलीतला तोच च लावा, झालं.

अडचण मात्र स्वरांच्या लांबीची आहे. ओबासान म्हणजे काकू आणि ओबाऽसान म्हणजे आजी. देवनागरीत 'बा' लिहिला की आपण तो हवा तेवढा ओढतो, कारण आपला 'आ' मुळात दीर्घच आहे. म्हणून वहीत जपानी शब्द देवनागरीत लिहून पाठ करण्याची सवय पहिल्या दोन आठवड्यांतच सोडलेली बरी. या लेखात 'ऽ' वापरावं लागलं ते याचमुळे. याउलट जोडाक्षरांचा त्रास होत नाही. 'किते' म्हणजे ये आणि 'कित्ते' म्हणजे टपाल तिकीट. ज्याला 'पता' आणि 'पत्ता' वेगळे ऐकू येतात, त्याला हेही येतात.

एन-फाइव्ह परीक्षा द्यायची का?

निवड झाल्यावर नातेवाईक हमखास विचारतात, 'जपानीची परीक्षा दिली का?' ही परीक्षा म्हणजे जेएलपीटी. एन-फाइव्ह ही सगळ्यात सोपी पातळी, एन-वन सगळ्यात अवघड. जुलै आणि डिसेंबरमधल्या पहिल्या रविवारी ती होते, आणि अर्ज काही महिने आधी भरावे लागतात. खानदेशातल्या मुलांसाठी सोयीची केंद्रं म्हणजे पुणे आणि मुंबई, म्हणजे रात्रीची गाडी धरून जाणं आलं. एन-फाइव्हला १८० पैकी ८० गुण मिळवावे लागतात, शिवाय प्रत्येक विभागात किमान गुण हवेत.

पण या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नाही. लिहायचंही काही नाही, सगळे प्रश्न पर्यायी उत्तरांचे. पुढे जपानमध्ये नोकरी करायची असेल, तिथल्या भाषाशाळेत प्रवेश हवा असेल, तर प्रमाणपत्राला किंमत आहे. आठ-दहा दिवसांच्या दौऱ्यासाठी मात्र तीन महिने एन-फाइव्हच्या प्रश्नपत्रिका सोडवत बसणं म्हणजे पोहायला जायचं म्हणून काठावर बसून पुस्तक वाचण्यासारखं आहे. कार्यक्रमाने प्रमाणपत्र मागितलं नसेल, तर ते परत आल्यावरही देता येतं.

जळगाव-धुळ्यात जपानीचे नियमित वर्ग सहज मिळत नाहीत. पुण्याला या भाषेची मोठी परंपरा आहे आणि तिथले बरेच शिक्षक ऑनलाइन शिकवतात. मराठीतून शिकवणारा शिक्षक मिळाला तर वर सांगितलेला सगळा फायदा पदरात पडतो. स्वतः शिकायचं असेल तर जपान फाउंडेशनचा 'मारुगोतो' हा अभ्यासक्रम बघावा. त्यात दोन पुस्तकं असतात. 'कात्सुदोऽ' बोलण्या-ऐकण्यावर भर देतं, 'रिकाइ' व्याकरणावर. छोट्या दौऱ्यासाठी पहिलं पुरतं. याच संस्थेच्या 'मिनातो' संकेतस्थळावर ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. एनएचके वर्ल्डचे 'इझी जॅपनीज' धडे मोफत आहेत आणि ते हिंदीतही ऐकता येतात. पुण्यातल्या अनेक वर्गांत चालणारं 'मिन्ना नो निहोंगो' हे पुस्तक चांगलं आहे, पण त्याच्या दोन भागांत मिळून ५० धडे आहेत. तीन महिन्यांत ते उरकायला गेलं की ना धड व्याकरण येतं, ना बोलणं.

ॲनिमे बघून कान तयार होतो, हे खरं. फक्त तिथली वाक्यं उचलून शिक्षकांशी बोलू नका. 'ओरे' आणि 'ओमाए' हे त्यातल्या नायकांचे 'मी' आणि 'तू' यजमानांच्या घरी उर्मट ठरतात.

विचारणं सोपं, उत्तर कळणं अवघड

'स्टेशन कुठे आहे?' हे वाक्य, म्हणजे 'एकि वा दोको देस् का?', सगळे पाठ करतात. समोरचा माणूस मग तीस सेकंद उत्तर देतो आणि विचारणारा हसून मान हलवतो. म्हणून तयारी उत्तराची करायला हवी. मिगि म्हणजे उजवीकडे, हिदारि म्हणजे डावीकडे, मास्सुगु म्हणजे सरळ. आणि दोन वाक्यं तर झोपेतही यायला हवीत. 'युक्कुरि ओनेगाइ शिमास्', म्हणजे जरा सावकाश बोला. 'मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास्', म्हणजे पुन्हा एकदा सांगा.

आकडे बोलायला नाही, ऐकायला शिका. सकाळी किती वाजता जमायचं ते कुणीतरी घाईत सांगतं. एक वाजता म्हणजे 'इचि-जि' आणि सात वाजता म्हणजे 'शिचि-जि'. गर्दीत हे दोन्ही सारखेच ऐकू येतात. मोठ्या रकमांमध्ये दहा हजारांना 'मान' म्हणतात आणि मोजणी त्याच्या पटीत होते. आपलं एक लाख म्हणजे तिकडे 'जूऽमान', म्हणजे दहा मान. मित्राला कोणतेही आकडे वाचायला सांगून ते लिहून काढायचे, हा सराव रोज दहा मिनिटं पुरतो.

'हाइ' म्हणजे हो, असं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याचा अर्थ 'हं, ऐकतोय' एवढाच असतो. आपण फोनवर 'हं… बरं… हो का' करतो, तसंच. नकारही असाच ओळखीचा आहे. जपानी माणूस तोंडावर 'नाही' सहसा म्हणत नाही. तो म्हणतो 'चोत्तो…' आणि थांबतो. चोत्तो म्हणजे जरा. 'ते जरा…' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं की त्याचा अर्थ काय, हे सरकारी कार्यालयात चकरा मारलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे.

मराठी जिथे पायात येते

काही सवयी मात्र विमानतळावरच सोडाव्या लागतात. आपण अनोळखी बाईंना सहज मावशी, काकू म्हणतो. जपानमध्ये अनोळखी बाईंना 'ओबासान' म्हटलं तर त्यांना ते वय काढल्यासारखं वाटू शकतं. स्वर चुकून लांबला तर थेट आजीच. आडनावाला 'सान' जोडणं सुरक्षित. यजमान घरातल्या आईला मात्र 'ओकाऽसान' म्हणायची पद्धत आहे, तिथे संकोच नको.

'तुम्ही' साठी पुस्तकात 'आनाता' सापडतो. तो टाळा. तानाका-सानशी बोलताना 'तानाका-सान जाता का?' असंच विचारतात. 'सान' स्वतःच्या नावाला कधीच लावायचं नाही. 'मी पाटील सर बोलतोय' अशी फोनवर ओळख देणाऱ्या शिक्षकांनी दौऱ्यावर सोबत जाताना हे विशेष लक्षात ठेवावं.

आणि कुणाचं लक्ष वेधायला 'अहो!' म्हणू नका. ओसाकाच्या भागात 'आहो' म्हणजे मूर्ख. 'सुमिमासेन' म्हणा. माफ करा, जरा ऐका आणि थँक यू ही तिन्ही कामं तो एक शब्द करतो.

जेवण: इथे भाषा खरोखर लागते

शाकाहारी विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी फजिती इथे होते. 'मी व्हेजिटेरियन आहे' एवढं सांगून भागत नाही, कारण मासे न दिसणाऱ्या पदार्थातही मासे असू शकतात. मिसो सूप, उदोन नूडल्स, भाज्यांचे शिजवलेले प्रकार यांत 'दाशि' नावाचा रस्सा असतो आणि तो बऱ्याचदा वाळवलेल्या कात्सुओ माशापासून बनतो. शिजवणाऱ्याला तो मांसाहार वाटेलच असं नाही.

म्हणून काय खात नाही ते एकेक करून सांगा. 'निकु तो साकाना वा ताबेमासेन', म्हणजे मांस आणि मासे खात नाही. अंडं चालत नसेल तर 'तामागो मो ताबेमासेन'. आणि मग 'साकाना नो दाशि मो दामे देस्', म्हणजे माशाचा दाशिपण चालत नाही. 'कोम्बु' या समुद्री वनस्पतीचा दाशि मात्र शाकाहारीच असतो. ही वाक्यं जपानी लिपीत छापून एक कार्ड खिशात ठेवावं आणि यजमान कुटुंबाला ती आधीच ईमेलने कळवावीत. ताटात वाढून झाल्यावर सांगणं दोघांनाही अवघड जातं. शेंगदाण्यांची किंवा औषधांची ॲलर्जी असेल तर 'आरेरुगिइ' हा शब्द त्याच कार्डावर हवा.

खानदेशातला आग्रह तिथे गृहीत धरू नका. 'केक्कोऽ देस्' म्हणजे नको, पुरे. एकदा म्हटलं की ताट बहुधा उचललं जातं. चौथ्यांदा आग्रह होईपर्यंत नको म्हणत राहायची आपली पद्धत तिथे उपाशी ठेवू शकते.

ओळख करून देताना

दौऱ्यात स्वतःची ओळख रोज दोन-तीनदा द्यावी लागते. नाव, गाव आणि गावाबद्दल एक वाक्य, एवढं नीट बसवलं तरी गप्पा सुरू होतात. जळगावकरांना 'जारुगाओन् वा बानाना नो माचि देस्' पुरेसं आहे. माचि म्हणजे शहर, बाकी कळतंच. 'मे महिन्यात आमच्याकडे पंचेचाळीस अंश असतं', म्हणजे 'गो-गात्सु वा योन्जूऽगो दो देस्', या वाक्यावर समोरून 'एऽऽ!' हमखास येतं.

'ते नेमकं कुठे?' या प्रश्नाला 'अजांता नो चिकाकु देस्', अजिंठ्याच्या जवळ, हे चांगलं उत्तर आहे. जळगावहून अजिंठा लेणी साधारण ६० किलोमीटरवर आहेत. नारा भागातल्या होर्युऽजि मंदिराच्या भित्तिचित्रांची तुलना अजिंठ्याच्या चित्रांशी केली जाते. ती जपानी चित्रं १९४९ च्या आगीत जळाली. अजिंठा-वेरूळ परिसराच्या जतन आणि पर्यटन विकासासाठी जपानने कर्जही दिलं आहे. त्यामुळे हे नाव तिथे अगदीच अनोळखी नाही. धुळेकरांनीही हेच वाक्य वापरायला हरकत नाही. जपानहून बघितलं तर धुळेही अजिंठ्याच्या जवळच आहे.

हे सगळं फोनवर रेकॉर्ड करून स्वतः ऐकावं. भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा पाट्या आणि मेनू वाचायला कामाचा असतो. निघण्यापूर्वी त्यात जपानी ऑफलाइन उतरवून ठेवा. पोलिसांचा क्रमांक ११० आणि रुग्णवाहिका-अग्निशमन दलाचा ११९ आहे. 'तासुकेते कुदासाइ' म्हणजे मदत करा. हे वाक्य, राहण्याचा जपानीतला पत्ता आणि सोबतच्या शिक्षकांचा नंबर कागदावर लिहून बॅगेत ठेवा, कारण फोनची बॅटरी कधी संपेल ते सांगता येत नाही.